माती हेच यंत्र: घातक कचऱ्याच्या लँडफार्मचा कायदा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे सिव्हिल इंजिनिअर आहेत, सांगली भागातल्या शेतकरी घरातले, सध्या ह्यूस्टनला एका सल्लागार कंपनीत. एका रिफायनरीतला जुना लँडफार्म कायमचा बंद करण्याचं काम त्यांच्याकडे आलं आहे. जमिनीत कचऱ्यावर प्रक्रिया होते, तरी कायदा त्याला विल्हेवाट का म्हणतो? १९९०नंतर ही पद्धत एकाएकी का थांबली? असं काही भारतात करता येतं का? आणि बंद करताना नेमकं काय सांभाळायचं?

या कामात मला पंचवीस वर्षं झाली. त्यातली बहुतेक टेक्सासच्या किनारपट्टीवर गेली, थोडी महाराष्ट्रात. उत्तर लांबेल. पण नियमाचं पुस्तक उघडण्याआधी त्यामागची भीती समजली, तर पुस्तक वाचणं फार सोपं जातं.

तुम्ही शेतकरी घरातले आहात याचा इथे खरा उपयोग आहे. लँडफार्म दिसायला शेतासारखाच. बांध घातलेला सपाट तुकडा. त्यावर रिफायनरीतला तेलकट गाळ पसरायचा, ट्रॅक्टरला डिस्क लावून वरच्या वीतभर मातीत कालवायचा, नत्र-स्फुरद द्यायचं, ओल राखायची, ठरावीक दिवसांनी पुन्हा पाळी घालायची. मातीतले जिवाणू तेल खातात. पद्धत स्वस्त आणि यंत्रसामग्री साधी, म्हणून सत्तरच्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या अनेक रिफायनऱ्यांनी ती उचलली होती.

लँडफिल आणि लँडफार्म यांत मूळ फरक खालच्या बाजूला आहे. घातक कचऱ्याच्या लँडफिलखाली, म्हणजे कचरा पुरायच्या खड्ड्याखाली, अस्तर असतं, नव्या नियमांत तर दुहेरी, आणि मध्ये गळती टिपायची सोय. लँडफार्मखाली यातलं काहीच नसतं. कचरा आणि भूजल यांच्यामध्ये असते ती फक्त माती, आणि तीच यंत्र. हे यंत्र बिघडलं तर बटण दाबून थांबवता येत नाही. बिघडलं हेच मुळी उशिरा कळतं. म्हणून इथे कायद्याने भिंती बांधायला न सांगता पुरावा मागितला. जो गाळ टाकणार त्यानेच आधी दाखवायचं की ही माती, या हवेत, हा गाळ पचवते. नंतरही ती पचवते आहे हे दाखवत राहायचं.

आता तुमचा पहिला प्रश्न. अमेरिकेचा घातक कचऱ्याचा कायदा १९७६चा, सगळे त्याला ‘रिक्रा’ म्हणतात. पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, त्याखाली केलेले नियम संघीय नियमसंहितेच्या ४०व्या शीर्षकात आहेत. त्यातल्या २६०व्या भागात लँड ट्रीटमेंटची व्याख्या सापडेल (लँडफार्मचं कायद्यातलं नाव हेच): घातक कचरा जिथे मातीच्या पृष्ठभागावर टाकला जातो किंवा मातीत मिसळला जातो ती जागा. त्याच वाक्याच्या शेवटी जोडलं आहे की जागा बंद केल्यावर कचरा तिथेच राहणार असेल तर ही विल्हेवाटीची जागा ठरेल. नाव प्रक्रियेचं, वर्ग विल्हेवाटीचा, आणि हे मला पूर्ण योग्य वाटतं. रिफायनरीच्या गाळातलं तेल जिवाणू खातात, पण शिसं आणि क्रोमियम कोण खाणार? धातू मातीला धरून बसतात आणि तिथेच राहतात. दर वर्षी गाळ टाकला की दर वर्षी साठा वाढतो. तेल गेलं म्हणून कचरा गेला, असं होत नाही.

पुढचा भाग २६४. त्याचं ‘एम’ हे उपप्रकरण फक्त लँड ट्रीटमेंटचं आहे, कलमं २६४.२७० ते २६४.२८३. हे एका बैठकीत वाचून काढा, पानं फार नाहीत. कायमच्या परमिटऐवजी ‘इंटरिम स्टेटस’वर, म्हणजे तात्पुरत्या मुभेवर, चाललेल्या जागांना २६५व्या भागातलं त्याच नावाचं उपप्रकरण लागतं. तुमच्या जागेला यातलं नेमकं कोणतं लागू होतं, हे आज, पहिल्यांदा, फायलीतून शोधा. जुन्या लँडफार्मच्या कामात सर्वांत जास्त वेळ इथेच वाया जातो: दोन महिने २६४प्रमाणे आराखडा लिहायचा आणि मग कळायचं की या जागेला परमिट कधी मिळालंच नव्हतं. टेक्सासला स्वतःचा कार्यक्रम चालवायची संघीय मान्यता आहे, त्यामुळे तुमचा रोजचा संबंध राज्याच्या पर्यावरण आयोगाशी, टीसीईक्यूशी येईल. गाभा मात्र हाच.

२६४मधलं माझ्या मते सर्वांत मोलाचं कलम २७२. परमिट मिळण्याआधी प्रात्यक्षिक द्यायचं. कचऱ्यातले घातक घटक प्रक्रिया-थरात, म्हणजे मातीच्या ज्या थरात गाळ पचवायचा त्यात, पूर्णपणे विघटित होतील, रूपांतरित होतील किंवा स्थिर होतील हे दाखवायचं. शेतावरची चाचणी, प्रयोगशाळेतली चाचणी, उपलब्ध माहिती किंवा चालू लँडफार्मच्या नोंदी, यांतलं काहीही चालतं. चाचणी केली तर ती तुमच्याच गाळावर, तुमच्याच मातीत, तुमच्याच हवामानाशी जुळणारी हवी. लुइझियानातल्या रेताड जमिनीवरचा अहवाल दाखवून टेक्सासच्या चिकणमातीचं परमिट मिळत नाही.

त्या वाक्यातली तीनच क्रियापदं नीट पाहा: विघटन, रूपांतर, स्थिरीकरण. ‘उडून जाणं’ त्यांत नाही. ताज्या गाळातलं बेन्झीन आणि टोल्यूइन उन्हात, पाळी घालताना, भराभर हवेत जातं. महिन्याभराने मातीचा नमुना तपासला की आकडा खाली आलेला दिसतो आणि अहवालात लिहिलं जातं ‘नव्वद टक्के घट’. ती घट जिवाणूंनी केली की वाऱ्याने, हे वेगळं काढून दाखवल्याशिवाय त्याला प्रक्रिया म्हणू नका. ट्रॅक्टरवर बसलेला माणूस ते श्वासातून आत घेत असतो. हा मुद्दा मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगतो, तुम्हालाही सांगतो.

प्रक्रिया-थर किती खोल? कलम २७१ सांगतं, मूळ पृष्ठभागापासून जास्तीत जास्त १.५ मीटर. आणि त्याचा तळ भूजलाच्या हंगामी सर्वोच्च पातळीपेक्षा १ मीटरहून अधिक वर हवा. हंगामी सर्वोच्च म्हणजे पावसाळ्यातली वर आलेली पातळी, सरासरी नव्हे. किनारपट्टीवर एवढ्या एका अटीवरच कितीतरी जागा बाद होतात.

कलम २७३ रोजच्या कामाचं आहे. गाळ किती आणि कसा टाकायचा, सामू (पीएच) कसा राखायचा, खत, पाळी, ओल. बाहेरचं पाणी आत येऊ नये यासाठी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळी पावसाचा सर्वोच्च प्रवाह अडवता आला पाहिजे. आत पडलेलं पाणी बाहेर जाऊ नये यासाठी तशाच वादळाचा २४ तासांचा पाऊस साठवता आला पाहिजे. वाऱ्याने माती उडू द्यायची नाही. आठवड्याला एकदा आणि प्रत्येक वादळानंतर पाहणी. हे तुम्हाला येतंच, पुढे जातो.

कलम २७८ मात्र थांबून वाचण्याचं. प्रक्रिया-थराच्या लगेच खाली, पण भूजलाच्या वर, असंपृक्त थरात, म्हणजे पाण्याने पूर्ण न भरलेल्या मातीत, पहारा ठेवायचा. तो दोन तऱ्हांनी: मातीचे गाभे, म्हणजे नळी घालून काढलेले उभे नमुने, आणि मातीच्या कणांमधल्या पाण्याचे नमुने. दुसऱ्यासाठी लायसिमीटर, म्हणजे मातीत पुरून तिच्यातलं पाणी ओढून घेणारं साधन, पुरतात. खालचे आकडे शेजारच्या कोऱ्या जमिनीशी संख्याशास्त्राने ताडायचे. लक्षणीय वाढ दिसली की सात दिवसांत लेखी कळवायचं आणि ९० दिवसांत परमिट बदलायचा अर्ज करायचा, म्हणजे काम करण्याची पद्धत अशी बदलायची की वरचा थर पुन्हा पुरा पडेल. वाढ दुसऱ्याच कारणाने झाली असं वाटत असेल तर ते सिद्ध करायची मुभा आहे. भूजलाच्या विहिरींवरची देखरेख वेगळी, ती यावर आणखी. असंपृक्त थरातली देखरेख ही आधीची घंटा. भूजलात तेल सापडेपर्यंत थांबलात तर यंत्र कधीच मोडलेलं असतं.

टेक्सासच्या किनारी पट्ट्यातली पुष्कळशी माती आणि आपल्या दख्खनची काळी माती मृदाशास्त्रात एकाच गणातल्या आहेत, व्हर्टिसॉल. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. पहिल्या वळवाचं पाणी त्या भेगांतून थेट खाली जातं, मातीच्या कणांतून झिरपत बसत नाही. प्रयोगशाळेत दळून, चाळून, नळकांड्यात भरलेल्या मातीला भेगा नसतात. त्यामुळे तिथली चाचणी सुंदर येते.

एका जागेवर मी स्वतः हे पाहिलं. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. चार वर्षांचे अहवाल स्वच्छ होते. लायसिमीटर एकतर कोरडे, नाहीतर निर्मळ पाणी देणारे. कोरड्या उन्हाळ्यानंतर आम्ही गाभे काढत होतो आणि एक नळी योगायोगाने जुन्या भेगेवर उतरली. दीड मीटरच्या खाली, भेगेच्या दोन्ही कडांवर, काळा तेलकट लेप होता. हातभर बाजूचा गाभा तपासला तर कोराच निघाला. लायसिमीटर खोटं बोलत नव्हता. तो कणांमधलं पाणी ओढून घेतो, भेगेतून धावणारं पाणी त्याच्या हाती लागत नाही. नियमाच्या अक्षराप्रमाणे सगळं पाळलं गेलं होतं. तेव्हापासून चिकणमातीच्या जागेवर नमुन्यांची ठिकाणं आणि वेळ ठरवताना मी भेगांचा हंगाम धरतो, आणि गाभा फोडून कडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय बरणीत भरू देत नाही. मातीचा सरासरी नमुना करून पाठवला की ती रेघ सरासरीत विरून जाते.

कलम २७६ शेतकऱ्याच्या मुलाला विचित्र वाटेल: अशा जमिनीत अन्नपिकं घ्यायची का? मनाई सरसकट नाही. पण घातक घटक पिकात उतरत नाहीत, किंवा त्याच भागातल्या साध्या जमिनीतल्या त्याच पिकापेक्षा जास्त नाहीत, हे आधी दाखवावं लागतं. कॅडमियमसाठी तर सरळ आकडे आहेत. तंबाखू, पालेभाज्या आणि माणसांच्या खाण्यातली कंदमुळं यांच्या जमिनीत वर्षाला हेक्टरी ०.५ किलोपेक्षा जास्त नाही. गाळ टाकताना सामू ६.५ किंवा वर हवा. आयुष्यभराचा एकूण साठा मातीच्या कॅटायन विनिमय क्षमतेवर, म्हणजे माती धातूंचे कण किती धरून ठेवू शकते यावर, ठरतो, हेक्टरी ५, १० किंवा २० किलो. सामूवर एवढा भर का, तर माती आंबट झाली की धरून ठेवलेले धातू सुटतात. ‘स्थिरीकरण’ हा शब्द कायम टिकणारी अवस्था सांगत नाही. ती राखावी लागते, आणि चुना टाकणारा माणूस निवृत्त झाला की राखली जात नाही.

दुसरा प्रश्न, ही पद्धत का थांबली. नोव्हेंबर १९८४मध्ये अमेरिकी काँग्रेसने रिक्रात मोठी दुरुस्ती केली. प्रक्रिया न केलेला घातक कचरा जमिनीत टाकायला टप्प्याटप्प्याने बंदी आली, आणि ‘जमिनीत टाकणं’ याच्या व्याख्येत लँडफिल, तळी, ढीग, कचरा जमिनीत खोल सोडायच्या विहिरी यांच्याबरोबर लँड ट्रीटमेंटचं नाव स्पष्ट लिहिलं गेलं. परिणाम लक्षात घ्या. रिफायनरीचा गाळ, म्हणजे के-०४८ ते के-०५२ या नोंदीतला कचरा, ज्यात एपीआय सेपरेटरचा, म्हणजे सांडपाण्यातून तेल वेगळं करणाऱ्या टाकीचा, गाळ आणि शिसेयुक्त टाक्यांचा तळगाळ येतो, तो १९९०पासून ठरलेल्या मानकापर्यंत दुसरीकडे प्रक्रिया करून झाल्यावरच लँडफार्मवर नेता येईल. मग लँडफार्मवर करायचं तरी काय उरलं? प्रक्रियेची जागा, पण प्रक्रिया आधीच झालेली हवी. पळवाट एकच ठेवली होती, स्थलांतर न होण्याची याचिका: कचरा घातक आहे तोवर या जागेतून घातक घटक बाहेर जाणार नाहीत हे वाजवी खात्रीने सिद्ध करा. खाली अस्तर नाही, वर आकाश उघडं, आणि बेन्झीन हवेत जातंच. ही पायरी चढणं किती अवघड, ते सांगायला नको.

त्याआधी १९८५च्या नोव्हेंबरात आणखी एक चाळणी लागली होती. इंटरिम स्टेटसवरच्या जागांनी परमिटचा पूर्ण अर्ज आणि भूजल देखरेख व आर्थिक हमी यांचं प्रमाणपत्र दिलं नाही तर त्यांचा दर्जा गेला. कितीतरी जागा तेव्हाच बंद झाल्या. तुमची फाईल १९८५ला संपत असेल तर कारण बहुधा हेच.

काही जाणकार म्हणतात की चांगली, नैसर्गिक पद्धत कायद्याने मारली. मला ते पटत नाही. डिझेल सांडलेली माती, कमी धातूंचा गाळ, कोरडा प्रदेश, खोल भूजल, तिथे ही पद्धत उत्तम चालते आणि दूषित मातीच्या सफाईत आजही वापरली जाते. पण सर्व प्रकारचा रिफायनरी गाळ, वर्षानुवर्षं, त्याच वीतभर मातीत टाकणं ही दुसरी गोष्ट होती, आणि ती थांबायलाच हवी होती.

एक खबरदारी. ह्यूस्टनला आजही कोणी तुम्हाला म्हणेल, ‘आमचा लँडफार्म चालू आहे.’ तो बहुतेक तेलविहिरींच्या खोदाईच्या कचऱ्याचा असेल. तेल आणि वायू उत्खननाचा कचरा रिक्राच्या घातक कचऱ्याच्या नियमांतून वगळलेला आहे, आणि टेक्सासमध्ये तो रेलरोड कमिशनच्या अखत्यारीत येतो. शब्द तोच, कायदा वेगळा. तिथला नियम उचलून रिफायनरीच्या जागेला लावू नका.

भारताबद्दल. घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा बासेल करार लँड ट्रीटमेंटला डी-२ या क्रमांकाने विल्हेवाटीच्या यादीत धरतो, आणि भारत त्याचा सदस्य आहे. आपले सध्याचे नियम २०१६चे. त्यांत लँड ट्रीटमेंटचं वेगळं प्रकरण नाही, पण विल्हेवाटीच्या व्याख्येत भौतिक-रासायनिक प्रक्रिया, जैविक प्रक्रिया, भट्टी आणि सुरक्षित लँडफिल ही चारही येतात. तेलकट गाळ घातक कचऱ्याच्या यादीत, अनुसूची एकमध्ये, आहे. म्हणजे रिफायनरीने आपल्या आवारात जिवाणू सोडून गाळ पचवायचा म्हटलं तरी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ऑथरायझेशन, म्हणजे परवानगी, लागतं, साठवणुकीला साधारण ९० दिवसांची मर्यादा असते आणि बाहेर पाठवला तर सात प्रतींचा मॅनिफेस्ट, म्हणजे कचऱ्यासोबत जाणारा नोंदपत्रक. हे काम भारतात होतंही: टेरी या दिल्लीच्या संशोधन संस्थेने विकसित केलेलं ‘ऑइलझॅपर’ हे जिवाणूंचं मिश्रण तेलकट गाळावर बरीच वर्षं वापरलं जात आहे.

मला खटकतं ते असं की २७२सारखं आधीचं प्रात्यक्षिक आणि २७८सारखी असंपृक्त थरातली देखरेख आपल्या नियमांत नावानिशी मागितलेली नाही. मंडळाने ऑथरायझेशनच्या अटींत घातली तरच ती येते. महाराष्ट्रात ती घालायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. कोकणात चार महिने जमीन पाण्याने भरलेली, हवा मिळाली नाही की तेल खाणारे जिवाणू मंदावतात. देशावर काळी माती आणि तिच्या भेगा, खाली फुटलेला बेसॉल्ट, आणि त्याच बेसॉल्टमधून गावाची विहीर पाणी घेते. तिथे तळाला अस्तर घातलेल्या वाफ्यातच जैविक प्रक्रिया करावी आणि उरलेली धातूयुक्त माती तळोजा किंवा रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या सामाईक केंद्रावर पाठवावी. उघड्या जमिनीवर करू नये. खर्च वाढतो, हे मला माहीत आहे.

आता तुमचं काम, क्लोजर, म्हणजे जागा कायमची बंद करणं. कलम २८०. बंद करायचं म्हणजे सोडून द्यायचं नाही. शेवटचा गाळ टाकल्यानंतरही पाळी, खत, सामू, पाण्याचा आणि वाऱ्याचा बंदोबस्त चालू ठेवायचा, जेणेकरून उरलेलं तेल पचेल. कणांमधल्या पाण्याचे नमुने शेवटच्या गाळानंतर ९० दिवसांनी थांबवता येतात, मातीचे गाभे नाहीत. मग गवत लावायचं, असं की ते फारशी देखभाल न करता टिकेल. पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र इथे इंजिनिअरऐवजी स्वतंत्र मृदाशास्त्रज्ञही देऊ शकतो. ही सवलत वापरा, चांगला मृदाशास्त्रज्ञ असेल तर मी नेहमी त्यालाच निवडतो. त्यानंतरची देखभाल साधारण ३० वर्षं, आणि जमिनीच्या दस्तावर नोंद की इथे घातक कचरा होता.

यातून सुटकेचा एक मार्ग कलमातच आहे. प्रक्रिया-थरातले घातक घटक कोऱ्या जमिनीपेक्षा लक्षणीय जास्त नाहीत असं सिद्ध झालं, तर गवताची आणि तीस वर्षांची अट उठते. तुमचा ग्राहक तुम्हाला याच दिशेने ढकलेल. त्यामुळे गणित करण्याआधी कोऱ्या जमिनीचे नमुने कुठून घेतले ते पाहा. मी अशी जागा पाहिली आहे जिथे ‘कोरा’ तुकडा जुन्या टाक्यांच्या ओळीला लागून होता. तिथे शिसं आधीच इतकं होतं की लँडफार्म त्याच्यापुढे स्वच्छ दिसत होता. तुमच्या फायलीत १९८०च्या आसपासचे हवाई फोटो असतील तर काढा, कोऱ्या तुकड्यावर त्या काळी काय उभं होतं ते तपासा, आणि शंका आली तर रिफायनरीच्या कुंपणाबाहेर, त्याच मृदा-मालिकेतली, म्हणजे त्याच प्रकारच्या मातीची, जमीन शोधून नव्याने नमुने घ्यायला सांगा. गाभ्यांच्या नोंदी हाती आल्या की, जागेचं नाव खोडून, मला पाठवा. कुठे भेग पकडली गेली आणि कुठे निसटली असेल ते आपण एकत्र पाहू.